नव्या शब्दांना घरात घ्यावे काय?

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या मेळाव्यात मी भाषेविषयी काही बोलावे, अशी सूचना संस्थेने केली. मी कोणी भाषापंडित नाही. गेली बारा वर्षे मुलांना मराठी शिकवणारा एक साधा शिक्षक आहे. त्यामुळे सिद्धांत सांगण्यापेक्षा मी माझ्या हातून घडलेल्या एका चुकीपासूनच सुरुवात करतो.

नोकरीचे पहिले वर्ष होते. सातवीच्या मुलांना 'माझी शाळा' हा निबंध लिहायला दिला होता. एका मुलाने लिहिले होते, 'मी रोज वेळेवर शाळेत हजर असतो. परीक्षेची तारीख जाहीर झाली की मी अभ्यासाला लागतो.' मी लाल शाईने 'हजर', 'तारीख' आणि 'जाहीर' या तीन शब्दांभोवती गोल काढले आणि वर लिहिले, 'उपस्थित, दिनांक, घोषित'. एवढ्यावर थांबलो असतो तरी चालले असते. पण वर्गात मी त्याला म्हणालो, "हे तुमच्या घरातले शब्द आहेत. निबंधात शुद्ध मराठी लिहावे."

चार दिवसांनी त्याचे वडील शाळेत आले. शिवणकाम करणारे गृहस्थ. गळ्यात टेप तसाच होता. मोठ्या अदबीने म्हणाले, "सर, 'हजर' हा शब्द मराठी नाही, असं तुम्ही म्हणालात म्हणे. मग रोज सकाळी तुम्ही पोरांची हजेरी घेता, ती कुठल्या भाषेत?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्याहून मनाला लागली ती दुसरी गोष्ट. ते म्हणाले, "पोरगं घरी बोलायचं कमी झालंय सर. काही विचारलं की म्हणतं, हा शब्द बरोबर आहे का ते मला माहीत नाही."

पालकहो, मुलाला भाषा यावी म्हणून मला शाळेने नेमले होते आणि माझ्यामुळे एक मूल बोलायचे कमी झाले होते. त्या दिवशी मी ग्रंथालयातून मोल्सवर्थ साहेबांचा मराठी-इंग्रजी कोश काढला. १८३१ साली प्रथम छापलेला हा कोश. त्यात शब्दांपुढे त्यांच्या मूळ भाषेच्या खुणा आहेत. पाने चाळता चाळता माझे मलाच हसू आले. ज्या शाईने मी गोल काढले ती 'शाई' फारसी, ज्या कागदावर काढले तो 'कागद' फारसी आणि ज्या खुर्चीवर बसून काढले ती 'खुर्ची' अरबी! शुद्ध मराठीचा न्याय करायला बसलेला मी त्या न्यायाने खुर्चीसकट बाहेर जात होतो.

तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यात आहे. नवे शब्द घडवावेत काय? घडवलेले शब्द रोजच्या बोलण्यात घ्यावेत काय? घ्यावेत, तर कोणते आणि का?

हा प्रश्न आजचा नाही. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक १६७४ साली झाला. त्यानंतर त्यांनी रघुनाथ नारायण हणमंते यांच्या देखरेखीखाली 'राज्यव्यवहारकोश' तयार करवून घेतला. दरबारात रूढ झालेल्या सुमारे चौदाशे शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिलेले आहेत. अष्टप्रधानांची नावेही बदलली. पेशव्याला 'पंतप्रधान' म्हणायचे ठरले, मुजुमदाराला 'अमात्य' म्हणायचे ठरले. राज्य नवे होते, त्याला स्वतःची भाषा हवी होती. ही इच्छा समजण्यासारखी आहे.

पण लोकांनी काय केले पहा. पुढे १८१८ पर्यंत लोक पेशव्यांना 'पेशवे'च म्हणत राहिले. छत्रपतींचा शब्द होता म्हणून तो आपोआप रुजला नाही. तो वाट पहात राहिला. देश स्वतंत्र झाला, दिल्लीला लोकांचे सरकार आले आणि त्या सरकारच्या प्रमुखाला आपण मराठी माणसांनी 'पंतप्रधान' म्हटले. हिंदीत तो 'प्रधानमंत्री' आहे, आपल्याकडे 'पंतप्रधान'. आज खेड्यातल्या म्हातारीलाही हा शब्द कळतो. जुना 'पेशवे'ही मेला नाही, तो इतिहासात आपल्या जागी मानाने बसला आहे. दुसरे उदाहरण किल्ल्यांचे घ्या. 'किल्ला' अरबी, 'दुर्ग' संस्कृत. आपण म्हणतो 'सिंधुदुर्ग किल्ला'. दुर्ग नावात आला, किल्ला तोंडात राहिला. लोकांनी दोघांचीही सोय केली.

विसाव्या शतकात भाषाशुद्धीची चळवळ झाली. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी 'महापौर', 'दिनांक', 'चित्रपट', 'हुतात्मा' असे अनेक शब्द दिले. मराठीतून अरबी-फारसी आणि इंग्रजी शब्द काढून टाकावेत, हा त्यामागचा हेतू होता. तो हेतू आपल्यापैकी अनेकांना पटणार नाही. मलाही पटत नाही. पण शब्द कोणी घडवला, यावर त्याची योग्यता ठरवू नये, असे माझे प्रामाणिक मत आहे. आज शहरात 'मेयर' कोणी म्हणत नाही, सर्वजण 'महापौर' म्हणतात. शब्द भारदस्त आहे, सोपा आहे, कामाचा आहे. 'चित्रपट' वर्तमानपत्रात आला, तरी घरातून निघताना आपण 'सिनेमाला' किंवा 'पिक्चरला' जातो. 'दिनांक' अर्जाच्या कोपऱ्यात जाऊन बसला, पण तोंडात 'तारीख'च राहिली. लग्नाची तारीख ठरते, दिनांक ठरलेला मी अजून ऐकला नाही.

याच काळात माधवराव पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन, यांचे उदाहरण फार बोलके आहे. ते फारसीचे प्राध्यापक. फारसी-मराठी कोश त्यांनीच केला. उमर खय्याम त्यांनीच मराठीत आणला, गझलेचे वृत्त मराठीला त्यांनीच ओळखीचे करून दिले. आणि पुढे भाषाशुद्धीचा पुरस्कारही त्यांनीच केला! एका माणसाच्या आयुष्यात हे दोन्ही प्रवाह वाहिले. म्हणून हा वाद हिंदू-मुसलमानांचा आहे, असे समजू नका.

हे अधिक स्पष्ट व्हावे म्हणून उलट बाजूचेही एक उदाहरण देतो. हैदराबाद संस्थानात १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले. आपला मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. उच्च शिक्षण इंग्रजीऐवजी उर्दूतून देण्याचा तो मोठा धाडसी प्रयोग होता. त्यासाठी एक वर्ष आधी भाषांतराचे स्वतंत्र खाते काढण्यात आले, शास्त्र, वैद्यक, कायदा या विषयांची पुस्तके उर्दूत आणली गेली आणि अरबी-फारसीच्या आधाराने असंख्य पारिभाषिक शब्द घडवण्यात आले. विद्वत्तेत ते काम कोठेही कमी नव्हते. परंतु १९४८ नंतर विद्यापीठाचे माध्यम बदलले आणि त्यातले कितीतरी शब्द पुस्तकांच्या पानांतच राहिले. कारण ते वर्गात होते, बाजारात उतरले नव्हते. संस्कृतातून घडवा की अरबीतून घडवा, शब्द जिभेवर आला तरच जगतो.

आता शब्द घडवणारे फक्त पंडितच असतात काय? मुळीच नाही. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली रेल्वे धावली. तिला 'आगगाडी' म्हणण्यासाठी कोणतीही समिती बसली नव्हती. आगीवर चालणारी गाडी ती आगगाडी. तशीच 'आगबोट', तशीच 'आगपेटी'. आमच्या कोल्हापूर-सांगलीकडे माणसे कोंबून भरलेल्या जीपला 'वडाप' म्हणतात. हा शब्द कोणत्या कोशकाराने घडवला? कोणीच नाही. रस्त्यावर जन्मला आणि रस्त्यावर चालू लागला.

आपल्या शाळेतलाच एक शब्द घ्या, 'नापास'. 'नापसंत', 'नाराज' यांतला फारसी ढंगाचा 'ना' आणि इंग्रजी 'पास'. दोन परक्यांचा संसार, आणि घर मात्र मराठी! 'लोकशाही' पहा. 'लोक' संस्कृत, 'शाही' फारसी. ज्या शब्दावर आपल्या मताधिकाराची इमारत उभी आहे, तो शब्दच मुळी दोन भाषांनी हातात हात घालून केलेला आहे. 'गैरसमज', 'भांडखोर', 'दरवर्षी' हेही असेच जोडशब्द. यातला अर्धा भाग शुद्ध करायला गेलात, तर पूर्ण शब्द हातचा जाईल.

आणि देवाणघेवाण एकाच बाजूने झाली, असेही नाही. आपल्या घरांतल्या दखनीत आपण 'नक्को' म्हणतो, तो मराठीतला 'नको'. 'अबीच आया', 'वैसाच है' यातला 'च' मराठीचा. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात 'योगसंग्राम' मराठीत लिहिला. बार्शीच्या अमर शेखांचा आवाज संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात घुमला. मराठी ही आपल्याला कोणी उसनी दिलेली नाही. म्हणून तिच्यात कोणता शब्द यावा, कोणता नको, यावर बोलण्याचा आपल्यालाही पूर्ण हक्क आहे. त्या सातवीतल्या मुलाला मी 'तुमच्या घरातले शब्द' म्हणालो, ही माझी खरी चूक होती. ते माझ्याही घरातले शब्द होते.

परंतु याचा अर्थ नवे शब्द नकोतच, असाही नाही. येथे माझ्या काही मित्रांचा आणि माझा मतभेद आहे. ते म्हणतात, चालले आहे ते चालू द्या, इंग्रजी शब्द आहेतच, कशाला घडवायचे? मला हे पटत नाही. 'संगणक' हा घडवलेला शब्द आहे. मुलांना तो जड गेला नाही. 'गुरुत्वाकर्षण' लांब आहे, पण 'आकर्षण' ओळखीचे असल्याने मूल तो फोडून समजू शकते. 'लसीकरण' पहा. 'लस' हा जुना घरगुती शब्द, त्याला 'करण' जोडले आणि गावोगावच्या आशाताईंनी तो घरोघरी पोहोचवला.

२०२० साली आपण सर्वांनी एक मोठी शब्दपरीक्षाच पाहिली. मार्चमध्ये देश बंद झाला. वर्तमानपत्रांनी 'टाळेबंदी' लिहिले. हा शब्द पूर्वी कारखान्याच्या मालकाने दाराला कुलूप लावले की वापरत. तो शब्द छापला गेला, लोकांच्या तोंडी मात्र 'लॉकडाऊन' राहिला. 'मुखपट्टी' लिहिली गेली, 'मास्क' लावला गेला. लसीच्या 'मात्रा' छापल्या, आपण 'डोस' घेतले. पण 'विलगीकरण' मात्र कळले. कारण 'अलग' हा शब्द सर्वांच्या परिचयाचा होता आणि त्याच्या जवळचा 'विलग' कानाला परका वाटला नाही. १९६० साली महाराष्ट्र शासनाने भाषा संचालनालय स्थापन केले, १९६२ मध्ये पदनाम कोश आला, तेव्हा त्याची 'बदनाम कोश' म्हणून थट्टा झाली होती. पण आज 'जिल्हाधिकारी' आणि 'मुख्याध्यापक' या शब्दांना कोण हसतो? तेव्हा नव्या शब्दाला लगेच हसू नये, त्याला थोडा वेळ द्यावा.

आता ज्या गोष्टीसाठी हे सारे सांगितले, त्या गोष्टीकडे येतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या एका विद्यार्थिनीची शिष्यवृत्ती गेली. मुलगी हुशार, वडील हातगाडीवर फळे विकणारे, सातवी शिकलेले. एका कार्यालयाच्या फलकावर सूचना लागली होती, 'विहित मुदतीत साक्षांकित प्रतींसह परिपूर्ण प्रस्ताव सादर करावा.' वडिलांनी ती सूचना दोनदा वाचली आणि ते परत आले. मुदत संपल्यावर मला कळले. मी रागावून म्हणालो, "अहो, वाचलं होतं ना तुम्ही?" ते म्हणाले, "वाचता येतं सर, पण कळलं नाही. साक्ष म्हटल्यावर मला वाटलं कोर्टाचं काम आहे. गरिबाला कोर्ट कशाला, म्हणून आलो परत."

त्या एका शब्दाने त्या घराचे एका वर्षाचे पैसे गेले. वह्या, गणवेश, बसचा पास, सगळे. आणि तो गृहस्थ निरक्षर नव्हता, बेफिकीरही नव्हता. सूचना मराठीत होती, तो मराठी बोलणारा होता आणि तरी दोघांची गाठ पडली नाही. 'ठरलेल्या तारखेच्या आत, अधिकाऱ्याची सही घेतलेल्या झेरॉक्स जोडून पूर्ण भरलेला अर्ज द्यावा', एवढे लिहिले असते तर काय बिघडले असते? मराठीला २०२४ साली अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, याचा मला मनापासून आनंद आहे. पण फळवाल्याला फलक कळणे, हाही भाषेचा दर्जाच आहे.

म्हणून नव्या शब्दासाठी मी माझ्यापुरत्या तीन कसोट्या ठरवल्या आहेत. पहिली, त्याची गरज आहे काय? वस्तू किंवा कल्पना नवी असेल तर शब्द जरूर घडवावा. दुसरी, तो ऐकताच काही ओळख पटते काय आणि जिभेला सहज वळतो काय? तिसरी आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची, तो शब्द माणसाला आत घेतो की दाराबाहेर उभा करतो? तिन्ही कसोट्यांना उतरेल त्याला मानाने घरात घ्यावे. मग तो संस्कृतातून येवो, अरबीतून येवो, इंग्रजीतून येवो की वडापच्या थांब्यावरून येवो.

याच कसोट्या आपल्या लाडक्या इंग्रजी शब्दांनाही लावा. आपल्या घरांत खाला, फुफी, चाची आणि मुमानी ही चार वेगळी नाती आहेत. शेजारच्या घरी मावशी, आत्या, काकू आणि मामी आहेत. आज दोन्ही घरांत या चौघींना मिळून एकच शब्द झाला आहे, 'आंटी'. येथे नव्या शब्दाची काय गरज होती? आईची बहीण कोण आणि बापाची बहीण कोण, हे एका हाकेत कळत होते, ते आता विचारावे लागते. असा शब्द भाषेत भर घालत नाही, घरातले चार शब्द मात्र घेऊन जातो.

पालकांना माझी विनंती आहे की, मुलाच्या घरच्या बोलीची लाज बाळगू नका आणि त्यालाही बाळगू देऊ नका. तो 'तारीख' म्हणाला तर म्हणू द्या. मात्र 'दिनांक' कोठे लिहायचा, हेही त्याला कळले पाहिजे. दोन शब्द येणाऱ्याचे काही कमी होत नाही. पण ज्याला पुस्तकी शब्द मुळीच येत नाही, त्याची वाट स्पर्धा परीक्षेत, कचेरीत, कोर्टात अडते. शब्द अवघड आहे म्हणून रुसून बसणे आपल्याला परवडणारे नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांला एक काम सांगतो. आमच्या वर्गात आम्ही एक वही ठेवली आहे. फलकावर, वर्तमानपत्रात, अर्जात दिसलेला अवघड शब्द मुले तिच्यात उतरवतात आणि समोर घरच्या भाषेत त्याचा अर्थ लिहितात. 'विहित' म्हणजे ठरवून दिलेले. 'अधिवास' म्हणजे कायमचे राहण्याचे ठिकाण. 'साक्षांकित' म्हणजे सही करून खरी ठरवलेली. या शेवटच्या शब्दापुढे एका मुलीने कंसात लिहिले आहे, 'कोर्टात जावे लागत नाही'. मित्रांनो, ती त्याच फळवाल्यांची मुलगी. पुढच्या वर्षी तिचा अर्ज वेळेवर गेला आणि आता मोहल्ल्यातले लोक अर्ज भरायला तिच्याकडे येतात. अशी वही प्रत्येक वर्गात असावी आणि आपल्या संस्थेची प्रत्येक सूचना त्या फळवाल्यांना एका वाचनात कळेल अशी लिहावी, एवढेच माझे पदाधिकाऱ्यांकडे मागणे आहे.

आणि तो सातवीतला मुलगा? त्याची मी वर्गासमोर माफी मागितली. 'माफी' हा शब्दही बाहेरून आलेला आहे, पण त्या वेळी त्याला दुसरा प्रतिशब्द शोधण्याची मला गरज वाटली नाही.